आसराबाईचा नेम

“खंड्या, पाय आपटू नको म्हणावं. पाणी शिव्या देऊन राह्यलं.”

बिरूआबा कुत्र्याला सांगत होते. कुत्रा त्यांच्या उजव्या हाताला जीभ काढून बसला होता आणि दोघांचीही पाठ विहिरीकडे होती. मागे खाली, विहिरीच्या तळाशी, कमरेएवढ्या पाण्यात त्यांची सून उभी होती. लुगड्याचा काष्टा आवळलेला, पदर कमरेला खोचलेला, आणि दोन्ही हातांनी शेवटच्या पायरीचा दगड असा धरलेला, की बोटांची नखं पांढरी पडली होती.

आसराबाईनं पाय थांबवले.

“हां. आता एक हात सोड म्हणावं.”

तिनं हात सोडला नाही. वर धावेवर म्हातारा वाट बघत बसला. मोटेचे बैल ज्या उतारावरून खाली जातात ना, ती धाव. तिथं बसलं की तोंड आपोआप शेताकडे होतं. चैत्रातली सकाळ, ऊन अजून चढलं नव्हतं. बऱ्याच वेळानं पाण्याचा एक बारीक चुबुक आवाज आला.

“सोडला,” म्हातारा कुत्र्याला म्हणाला. “बराबर.”

सुनेनं सासऱ्यासमोर उभं राहायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, ही तेव्हाची रीत. काही सांगायचं झालं तर सासूच्या नाहीतर लेकराच्या तोंडून. आणि सून ओल्या लुगड्यानं पाण्यात असताना सासऱ्यानं तिकडे नजर टाकायची, हे तर कुणी मनातही आणलं नसतं. पण घनसावंगीच्या वाटेवरच्या त्या गावात पोहायला शिकवील असा माणूस एकच होता. भर पुरात मेंढरं गोदावरीपार नेणारा हा धनगर. तो नेमका तिचा सासरा निघाला. मग म्हाताऱ्यानंच तोड काढली. आपण धावेवर पाठ करून बसायचं, जे सांगायचं ते कुत्र्याला सांगायचं, आणि सून काय करते आहे ते पाण्याच्या आवाजावरून ओळखायचं.

गावातल्या कुणाला हे सांगितलं असतं तर तो हसून गडाबडा लोळला असता. गोपिकाबाई, म्हणजे आसराबाईची सासू, हसली नव्हती. ती पाडव्यापासून धुसफुसत होती.

बिरूआबांच्या घरात पाडव्याची एक रीत होती. कडुलिंबाचा पाला, मोहर आणि नखभर गूळ यांची गोळी घरातला वडीलधारा प्रत्येकाच्या हातावर ठेवी. ती चावायची आणि तोंड कडू असेपर्यंत, पाणी पिण्याच्या आधी, वर्षाचा एक नेम बोलायचा. कडू तोंडानं बोललेलं मागं घेता येत नाही, असं म्हातारा सांगे. घेत मात्र सगळेच. रायभान, आसराबाईचा नवरा, दरसाल बिडी सोडायचा.

“औंदा बिडी बंद. बिलकुल बंद.”

“हनमान जयंतीपस्तोर,” गोपिकाबाई म्हणाली. तिचा स्वतःचा नेमही ठरलेला होता. “म्या आता कोनाला शिव्या देनार न्हाई. आन् तू दात काय काढून राह्यलास रे, मुडद्या?”

सगळे हसले. आसराबाईची पाळी आली की ती दरवर्षी मान खाली घाली आणि सासू तिच्या वतीनं काहीतरी बोलून टाकी. त्या वर्षी तिनं गोळी चावली, पदर आणखी पुढे ओढला आणि सासूकडे बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आत्याबाई, मला पवायला शिकायचं हाय. आसरांच्या देवळीत माज्या हातानं बांगड्या ठिवायच्यात.”

रायभानच्या घशातून लिंब खाली उतरेना.

“याड लागलं का गं?” गोपिकाबाई म्हणाली. “बाईमान्सानं हिरीत उतरायचं? लोक काय म्हन्तील? म्हन्तील, सासूनं ढकलली!”

तिचंही काही चुकत नव्हतं. बाई विहिरीत उतरली ती एकाच कारणासाठी, असंच सगळ्यांना ठाऊक. जीव द्यायला.

बिरूआबा पाणी प्याले, त्यांनी मिशा पुसल्या आणि चुलीकडे बघत ते म्हणाले, “कडू तोंडानं बोलल्याली हाय.”

तिला बांगड्या का ठेवायच्या आहेत, हे तर घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

रझाकारांची धामधूम चालू होती, त्या सालची गोष्ट. बिरूआबा आणि रायभान मेंढरं घेऊन लांब नगरच्या बाजूला निघून गेले होते. भादव्यात रामराव पाटलांची ही विहीर काठोकाठ भरली होती. मोटेचं पाणी जिथं ओततं त्या थारोळ्यावर आसराबाई धुणं धूत होती आणि तिचा थोरला, म्हाळू, चतुरांच्या मागे पळत होता. नुकताच त्याला लाल सदरा शिवला होता. पिळलेलं लुगडं झटकून तिनं वळून बघितलं, तर काठावर कुणी नव्हतं. ती धावली. सदरा फुगून वर आला होता. फार लांब नव्हता. एखादा पोहणारा दोन हात मारून पोचला असता. ती काठावर उभी राहिली आणि ओरडली. ओरडतच राहिली. शेतातली माणसं येईपर्यंत तिचे पाय जागचे हलले नाहीत.

गाव म्हणालं, साती आसरांनी नेलं. विहिरीत, डोहात राहणाऱ्या त्या सात बहिणी. मनात आलं की लेकरू ओढतात. समोरच्या भिंतीत त्यांची देवळी होती. दगडी कोनाडा, आत शेंदूर लावलेले सात दगड. बायका वरून हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या टाकायच्या. निम्म्या पाण्यात जायच्या. आसराबाईच्या आईनं ह्याच आसरांना नवस करून लेक मागितली होती, म्हणून नाव आसरा. पोराला माती दिली त्या संध्याकाळी गोपिकाबाईच्या तोंडून निघून गेलं, “नावाचीच आसरा. खाल्लं पोराला.” नंतर तिनं ते कधी उच्चारलं नाही, पण एकदा बोललेलं घरात राहतंच. धाकटी ठकू तेव्हा रांगत होती. ती चालायला लागल्यावर आसराबाई तिला घोंगडीच्या दोरीनं खांबाला बांधून कामाला जाई.

बांगड्या ठेवायच्या हे तिनं सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही. तिला देवळीच्या दारात जाऊन त्या सातजणींना समोरासमोर विचारायचं होतं, माझं लेकरू काऊन नेलं? वरून ओरडून नाही. तोंडासमोर.

चैत्र-वैशाख सोपे गेले. विहिरीला पाणी कमी होतं आणि पाय टेकत होते. म्हाताऱ्याचं शिकवणंही सावकाश. आधी नुसतं पाण्यात बसायचं. मग तोंड बुडवायचं. मग पायरी धरून अंग सैल सोडायचं. “मेंढरू पाण्यात टाकलं की पवतंच,” तो कुत्र्याला सांगे. “काऊन? त्याला वाटतच न्हाई आपण बुडू म्हनून. मान्साला लई अक्कल, म्हनून मानूस बुडतं.”

ती तळाशी हसू दाबायची. मान वर केली की आभाळाचा गोल तुकडा दिसे आणि त्याच्या कडेला म्हाताऱ्याचा पाठमोरा फेटा. सासऱ्याचा चेहरा तिनं इतक्या वर्षांत नीट बघितला नव्हता. पाठ मात्र आता पाठ झाली. खूश असला की फेटा डावीकडे कलायचा.

आषाढात विहिरीनं एकेक पायरी पोटात घेतली. पाणी गढूळ झालं, तळ गेला. म्हाताऱ्यानं वळचणीला टांगलेले दोन वाळके भोपळे काढले आणि स्वतः कातलेल्या लोकरीच्या दोरीत ओवून दिले. ते पाठीला बांधायचं काम गोपिकाबाईकडे आलं. ती गाठ मारताना रोज बडबडे.

“आमच्या सात पिढ्यांत असं कोनी केलं न्हाई. हात वर कर. बुडून मरशील, बदनामी माजी. आवळलं का? जास्त न्हाई ना आवळलं?”

“न्हाई, आत्याबाई.”

“मंग जा. जल्दी ये. भाकरी थापायच्यात.”

भोपळ्यांवर तरंगत आसराबाई आता विहिरीच्या मध्यापर्यंत जाऊ लागली. पंचमीच्या सुमाराला गोष्ट गावात फुटली. रामरावांची बायको, सगुणाबाई मालकीण, एक दिवस स्वतः विहिरीवर आली.

“बिरू, हे काय ऐकून राह्यले मी? आमच्या विहिरीत बाई उतरती? आसरा कोपल्या तर पाणी आटंल. उद्यापासून बंद.”

बिरूआबा उठून उभे राहिले, हात जोडले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, “बंद करतो, मालकीन. एक इचारायचं व्हतं. औंदा मेंढरं तुमच्या वावरात बसवायची का पल्याडच्या?”

पिकं निघाली की धनगर शेतात मेंढरं बसवतात. चार रात्री कळप बसला की लेंडीखतानं जमीन दोन वर्षं बोलते. बिरूआबांचा कळप आपल्याच वावरात बसावा म्हणून चार गावचे शेतकरी बैलगाडी पाठवत. सगुणाबाईनं विहिरीत डोकावून बघितलं. खाली दोन भोपळे आणि मध्ये एक घाबरलेलं डोकं.

“सकाळी. मोट धरायच्या आधी,” ती म्हणाली. “आन् मला काही दिसलं न्हाई.”

दसऱ्यानंतर रायभान कळप चारायला घेऊन गेला. जाताना बिडी त्याच्या कानावर होती. बायकोला म्हणाला, “माजा नेम गेल्ता पंधरा दिवसांत. तुजा कसा टिकून राह्यला?”

“तुमी एकले सोडता,” ती म्हणाली. “माज्याकरता मानूस येऊन बसतंय.”

तेव्हा ती हे सहज बोलली होती. त्याचा खरा अर्थ तिला पुढे थंडीत कळला.

आश्विनात तिनं एक भोपळा सोडला. कार्तिकात दुसरा. त्या सकाळी पाण्यावर वाफ होती. आसराबाई पायरीवरून निघाली, एक हात, दुसरा हात, मान वर, म्हाताऱ्यानं सांगितलं तशी. पाणी आता निवळलं होतं. मध्यावर तिनं खाली बघितलं. खोल, हिरव्या अंधारात काहीतरी लाल हललं.

काय होतं कोण जाणे. कुणाच्या ओटीतली चोळखणाची चिंधी असेल. तिचं अंग लाकूड झालं. ती खाली गेली, नाकातोंडात पाणी शिरलं, खोकत वर आली, किंकाळी फोडली आणि पुन्हा गेली.

खंड्या भुंकत गोल फिरू लागला. म्हातारा ताडकन उभा राहिला. पण तो वळला नाही. मोटेची सोल, तो बारीक दोर, जवळच पडला होता. त्यानं तो उचलला आणि खांद्यावरून, न बघता, मागे विहिरीत फेकला.

“दोर धर म्हणावं! खंड्या, दोर! मागं टाकलाय!”

दोर तिच्या मानेवर पडला. तिनं तो धरला. म्हाताऱ्यानं तो खांद्याला लावला आणि बैलासारखा धावेवरून खाली चालत सुटला. ती पायरीला लागली, खोकली, ओकली आणि थरथरत तिथंच पडून राहिली. म्हातारा धावेच्या तळाशी दोर धरून, पाठमोरा, धापा टाकत उभा होता.

त्या दिवशी दुपारी गोपिकाबाई नवऱ्यावर तुटून पडली. “पोर मरत व्हती आन् तुमी पाठ करून? आग लागो त्या रीतीला!”

“खोकून राह्यलती ती,” बिरूआबा म्हणाले. “खोकती म्हंजी जिती हाय. आवाज बंद झाला असता तर वळलो असतो. उडी टाकली असती.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “तिला पुन्यांदा उतरायचं हाय. म्या बघितलं असतं तर ती उतरली नसती.”

पण ती उतरली नाहीच.

नेम एकाच दिवशी मोडत नाही. पहिल्या दिवशी अंग दुखत होतं. मग ठकूला ताप आला. मग कपाशीची वेचणी लागली आणि दिवस उगवायच्या आधी शेतात जावं लागलं. मग थंडी पडली. प्रत्येक कारण खरं होतं, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला त्या खऱ्या कारणांचाच राग येई. भोपळे वळचणीला परत गेले. घरात कुणी तिला काही विचारलं नाही. सासरा काही विचारील हे तर शक्यच नव्हतं. त्याच्यात आणि तिच्यात बोलायला कुत्राच होता, आणि तो चुलीजवळ वेटोळं करून झोपे.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे ती भाकरी थापत होती. गोपिकाबाई चुलीत गोवरी घालत होती. अचानक म्हणाली, “म्हाताऱ्याला खोकला झालाय.”

“काऊन?”

“काऊन म्हंजी? थंडीत धावेवर बसून. रोज जातो की.”

आसराबाईचा हात थांबला. “मोट धराया?”

“कशाची मोट! दिस उगवायच्या आधी जातो, घोंगडी पांघरून बसतो. हिरीकडं पाठ. दिस वर आला की उठून येतो. काल म्या मागं गेल्ते. म्हनलं, काय ऐकून राह्यला इथं? तर म्हनला, पाणी गप हाय.” तिनं फुंकणीनं जाळ फुंकला, डोळ्यांत धूर गेला म्हणून पदर लावला. “म्हनलं, ती आता यायची न्हाई. तर म्हनला, मोट रोज भिजवावी लागती. पाणी काढा, नका काढू. वाळली की चामडं तडकतं.”

तव्यावरची भाकरी करपली. गोपिकाबाईनं शिवी दिली नाही. तिच्या नेमाला तो एक दिवस मिळाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आसराबाई विहिरीवर गेली तेव्हा म्हातारा आधीच बसलेला होता. घोंगडीचा एक ढीग, शेजारी कुत्र्याचा छोटा ढीग. ती पायऱ्या उतरली. पाणी इतकं थंड होतं की पायाला चटका बसल्यासारखं झालं. ती बराच वेळ घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. मग कमरेपर्यंत. तेवढंच त्या दिवशी.

वरून खोकल्याचा आवाज आला, आणि मग, “खंड्या, आली बघ.”

फेटा डावीकडे कलला होता.

आता घाई होती, आणि ती दोघांनाही कळत होती. देवळी होती भिंतीत वर. उन्हाळ्यात ती डोक्यावर दोन पुरुष उंच राही. पावसाळा संपताना पाणी तिच्या उंबऱ्याला लागे. गव्हाला आणि हरभऱ्याला मोट सुरू झाली की पाणी उतरायला लागे. रोज सकाळी आसराबाईला भिंतीवर आणखी एक ओली रेघ दिसे आणि उंबरा आणखी वर गेलेला. संक्रांतीनंतर तो हाताला लागला नसता. मग पुढच्या वर्षी. म्हाताऱ्याचा खोकला ऐकत ती पाण्यात उतरे आणि पुढच्या वर्षाचा विचार बाजूला सारी.

भोपळ्याशिवाय ती मध्यापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. खाली बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. एके दिवशी ती समोरच्या भिंतीला जाऊन टेकली आणि हात वर केला. उंबरा वीतभर वर राहिला. तिनं पाय मारले, उसळी घेतली. बोटं दगडावरून घसरली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं पाण्यावर थाप मारली आणि रडायलाच लागली.

धावेवर म्हातारा खोकला. मग सावकाश म्हणाला, “खंड्या, वर जायचं आसंल तर आधी खाली जावं लागतं, म्हणावं. पुरं बुडायचं. डोस्क्यावरून पाणी जाऊ द्यायचं. मंग पाय झाडायचे. मेंढरू पाण्यात धुताना बघितलंस ना कसं उसळतं?”

कुत्र्यानं कान हलवले. खाली पाणी निःशब्द झालं.

भोगीच्या सकाळी गोपिकाबाईनं सुनेच्या अंगाला तिळाचं तेल चोळलं, जास्तच जोरात. मग स्वतःच्या ट्रंकेतून नव्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि सुनेच्या मनगटात चढवल्या. हात मोकळे राहायला हवेत, म्हणून बांगड्या अंगावरच न्यायच्या होत्या. चढवताना ती खाली बघून म्हणाली, “त्या दिसी म्या जे बोलले, ते म्या बोलले नव्हते गं.”

“माहीत हाय, आत्याबाई.”

“जा आता. जल्दी ये. बाजरीची भाकरी गरम खायाची असती.”

आसराबाई भिंतीपर्यंत पोहत गेली. बांगड्या पाण्यात किणकिणत होत्या आणि वर म्हाताऱ्यानं नक्की तो आवाज ऐकला असणार. भिंतीशी तिनं श्वास घेतला, डोळे उघडे ठेवले आणि अंग सैल सोडलं.

पाणी डोक्यावरून गेलं. खाली हिरवा अंधार होता. थंड, शांत. कानात स्वतःच्याच छातीचे ठोके. तिला वाटलं होतं, इथं काहीतरी भयंकर असेल, हात असतील, केस असतील. काही नव्हतं. वरून येणारा उजेड हलत होता, एवढंच. म्हाळूनं शेवटी हे बघितलं असेल, हा हलता उजेड. ती त्यात क्षणभर तशीच राहिली, कुणाच्या तरी शेजारी बसावं तशी. मग तिनं पाय झाडले.

हात उंबऱ्यावर पडले आणि टिकले. एक पारवा फडफडत तिच्या तोंडासमोरून उडाला. तिनं कोपर टेकवलं आणि आत बघितलं.

सात दगड. शेंदूर कधीचा उडालेला. आवळ्याएवढे, पोरी सागरगोटे खेळतात तसे. त्यांच्यापुढे काड्यांचं घरटं आणि त्यात दोन अंडी.

वर्षभर घोटून ठेवलेला प्रश्न तिच्या तोंडाशी आला. ती दगडांकडे बघत राहिली. मग दातांनी आणि बोटांनी एकेक बांगडी उतरवून घरट्याला धक्का लागणार नाही अशी कडेला ठेवली, आणि हात सोडला.

ती परत पायरीशी आली, वर चढून बसली आणि पदर सारखा केला. धावेवर म्हातारा हललेला नव्हता. मग त्यानं घसा साफ केला.

“खंड्या, जे इचारायचं व्हतं ते इचारलं का म्हणावं?”

म्हणजे त्याला ठाऊक होतं. पाडव्यापासून ठाऊक होतं.

आसराबाईनं कुत्र्याची वाट बघितली नाही. “न्हाई इचारलं, मामा,” ती मोठ्यानं म्हणाली. “दम लागल्ता.”

बिरूआबांचे खांदे हलायला लागले. पाठमोरा माणूस हसतो आहे की रडतो आहे, हे ओळखू येत नाही. खंड्या मात्र उठून त्यांचा हात चाटायला लागला.

पाडव्याला पुन्हा कडू गोळी आली. रायभाननं बिडी सोडली. गोपिकाबाईनं शिव्या सोडल्या. सुनेची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “माजा मागचाच.”

“झाला की तो!” रायभान म्हणाला.

“झाला तरी.”

आणि ती दरसाल तोच बोलत राहिली. चैत्रात कमरेएवढ्या पाण्यात, भोगीला देवळीत. काही वर्षं थंडीत खंड पडे, मग ती पुन्हा जाई. घोंगडीचा ढीग तिथं असेच. त्या साऱ्या वर्षांत त्या विहिरीत कुणी पडलं नाही आणि तिनं कुणाला वाचवलं नाही. तशी वेळ आली नाही. फक्त एका पाडव्यानंतर तिनं खांबाची दोरी सोडली आणि ठकूला भोपळे बांधून पाण्यात नेलं. मग शेजारची एक पोर आली. मग सगुणाबाईनं आपली नात पाठवली, हातात गूळ-शेंगदाणे देऊन, आणि वर निरोप, “मला काही दिसलं न्हाई म्हणावं.”

बिरूआबा एका पौषात गेले. खंड्या त्यांच्या आधीच गेला होता. पुढे मराठवाडा मुंबई राज्यात गेला, रामरावांनी मोट मोडली आणि जालन्याहून तेलावर चालणारं इंजिन आणून विहिरीवर बसवलं. ते दिवसभर भकभक करी. बैल गेले, धावेवर गवत वाढलं. आसराबाई पोरींना घेऊन आली की सगुणाबाई वाड्याच्या ओट्यावरून ओरडे, “अरे, ते इंजिन बंद करा थोडा वेळ! तिला ऐकू येत न्हाई.”

इंजिन थांबे. पोरी भोपळे बांधून पायऱ्या उतरत आणि आसराबाई गवत बाजूला सारून धावेवर बसे, विहिरीकडे पाठ करून.

“मावशी,” सगुणाबाईच्या नातीनं एकदा खालून विचारलं, “तुम्ही तर बाई हाव. मंग आमच्याकडं बघत काऊन न्हाई?”

“बघितलं की भ्या वाटतं, बाई,” आसराबाई म्हणाली. “ऐकलं की कळतं.”

खाली पोरींनी दंगा मांडला. पाणी फटाफट उडू लागलं. आसराबाई थोडा वेळ ऐकत राहिली. मग उजव्या हाताकडे, जिथं गवत जरा दबल्यासारखं होतं त्या रिकाम्या जागेकडे वळून, ती हळू आवाजात म्हणाली,

“पाय आपटू नको म्हणावं. पाणी शिव्या देऊन राह्यलं.”